गाडी खराबच निघू दे

देवाकडं मी फार काही मागत नाही. एकदा मागितलं होतं, जीव तोडून मागितलं होतं, मिळालं नाही. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. तरीसुद्धा मागच्या पावसाळ्यात मी रोज सकाळी दारात उभा राहून एकच म्हणायचो, माझ्या गाडीचं इंजिन खराबच निघू दे.

म्हातारा येडा झालाय असं वाटलं ना? माझ्या पोरालाही तसंच वाटलं. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

आमची वस्ती पवनानगरच्या पुढं, धरणाच्या वरच्या अंगाला, चढावर. आयुष्यभर मी कामशेत ते पवनानगर वडाप, म्हणजे सीटवर भाडं घेऊन माणसं नेणारी जीप चालवली. गुडघे बोंबलायला लागले तेव्हा जीप विकली आणि घरापुरती छोटी पेट्रोल गाडी घेतली. रंग बायकोनं निवडला. शोरूममधला पोरगा लाल दाखवत होता, पांढरी दाखवत होता. ही म्हणाली, "चिखलाच्या रंगाची न्हाई का? म्हंजी धुवाया नको." तशीच घेतली.

त्या गाडीत ही बोलायची. वडगावला तहसील कचेरीत जायचं असो नाहीतर तळेगावला पोराकडं, घरातून निघाल्यापासून उतरेपर्यंत हिचं तोंड चालू. कुणाची सून माहेराहून परत आली नाही, कॅम्पवाल्यांनी तंबू कुणाच्या बांधावर ठोकला, कुणाच्या म्हशीनं दूध चोरलं. मी नुसतं "हां" म्हणायचो. "हां" म्हणायला उशीर झाला की मांडीवर चापट बसायची.

ती गेली. गाडी कितीतरी दिवस ताडपत्रीखाली पडून होती. वर्षश्राद्ध झालं आणि मी ताडपत्री काढली, कारण घरात बसून बसून माझे हातपाय माझ्यावरच उठले होते. कुणाची कोर्टात तारीख असली, कुणाला दवाखाना असला, कुणी एसटी चुकवली, की मी गाडी काढायचो. काम नसलं तर दुधिवरे खिंडीतून लोणावळ्याला जायचो, माझ्या मित्राकडं चहा प्यायला. गाडी नसती तर मी फोटोसमोर बसून राहिलो असतो. फोटोसमोर बसलेला माणूस फार टिकत नाही. आमच्याच आळीत बघितलेत मी तसे.

आषाढातली सकाळ होती. चावी फिरवली आणि आतून आवाज आला. खर्रर्रर्र! पत्र्याच्या डब्यात मूठभर खिळे घालून कुणी डबा हलवावा तसा. दोन-तीन श्वास घेईपर्यंत वाजला आणि बंद. मग इंजिन असं चालायला लागलं की जणू काही झालंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत. तिसऱ्या दिवशी परत. दिवसभर कितीही वेळा बंद-चालू करा, काही नाही. फक्त सकाळची पहिली चावी.

पोराला सांगितलं. तो चाकणला एका कंपनीत आहे, राहायला तळेगावात. रविवारी येतो. तो येईपर्यंत दुपार होते आणि तोवर मी गाडी घेऊन कुठंतरी जाऊन आलेलो असतो. त्यानं बॉनेटवर वाकून ऐकलं. काही नाही. पुढच्या रविवारी परत ऐकलं. काही नाही.

मग लोणावळ्याला माझ्या मेकॅनिककडं गेलो. जीप होती तेव्हापासूनचा माझा मेकॅनिक. माझ्यापेक्षा लहान, पण तोंडानं माझ्याएवढाच फाटका. त्यानं चावी फिरवली, ऐकलं आणि म्हणाला, "आबा, इंजिन तर नव्या नवरीसारखं गप हाय."

"आत्ता गप हाय. सकाळी बोंबलतं."

"मग सकाळी आना."

"अरे, सकाळी आणायची म्हंजी चालवूनच आणायची ना? हितं येईस्तोवर गरम होती!"

"तुमी सांगताय तसा आवाज टायमिंग चेनचा असतो," तो म्हणाला आणि भिंतीवर टांगलेली एक जुनी चेन दाखवली. सायकलच्या चेनसारखीच, पण जाड. ही इंजिनाच्या पोटात असते. खाली पिस्टन वरखाली होतात आणि वर वॉल, म्हणजे झडपा, उघडझाप करतात, त्या दोघांना ही चेन एका तालात ठेवते. सैल पडली की वाजते. लय सैल पडली की एखादा दात सुटतो, ताल बिघडतो आणि पिस्टन जाऊन वॉलवर आदळतात. मग इंजिन भंगारात.

"मग कधी बदलायची असती?"

"बेल्ट असता तर सांगितलं असतं, इतक्या किलोमीटरला बदला. चेनला तसं नसतं. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय, इंजिनाच्या आयुष्यभर चालती."

"आयुष्यभर म्हंजी किती?"

"ते इंजिन मेल्यावर कळतं." हसला मेला. "पण आवाज माझ्या कानानं ऐकल्याशिवाय मी उघडणार न्हाई. हौस म्हणून कुणाचं पोट फाडत न्हाई मी."

माझ्या दारात येऊन सकाळी ऐक म्हटलं, तर पावसाळ्यात त्याला नाक खाजवायला फुरसत नाही. टुरिस्टांच्या पाण्यात घातलेल्या गाड्या रांगेनं उभ्या.

त्या रविवारी पोरगा आला तो ठरवूनच आला होता. जेवण झालं, हात धुतले आणि म्हणाला, "अण्णा, एक बोलू? रागावू नका."

अशी सुरुवात झाली की राग आधीच येतो.

"आवाज गाडीत नाहीये. आई नाही, घर शांत झालंय. गाडीतसुद्धा आई बोलायची. आता कुणी बोलत नाही, म्हणून तुम्हाला कसलेकसले आवाज येतात."

"म्हंजी मी येडा?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हणतोस?"

"वय झालंय म्हणतोय. तुम्ही पावसात खिंडीतून एकटे जाता-येता, माझा तिकडं कामात जीव लागत नाही. गाडी देऊन टाकू. कुठं जायचं असलं तर मी येईन ना न्यायला."

"तू येणार! तुझी पाळी बदलली की तू फोनसुद्धा करत न्हाईस."

तो मग म्हणाला, "ठीक आहे. तुमच्या मेकॅनिकनं आवाज ऐकला तर मी परत हा विषय काढणार नाही. तुमचे कान खरे, तुमचं डोकं खरं, गाडी तुमची. पण येत्या रविवारपर्यंत नाही ऐकला, तर चावी माझ्याकडं."

"ठरलं," मी म्हटलं.

तो गेला आणि मी दोन भाकरी खाल्ल्या. ती गेल्यापासून मला अशी भूक लागली नव्हती. आता कळलं ना मी देवाला काय आणि कशाला मागत होतो? गाडी धडधाकट निघाली की मी खलास!

शुक्रवारी दुपारी गाडी घेऊन निघालो. रात्रभर गॅरेजमध्ये ठेवायची, सकाळी थंड इंजिनाची पहिली चावी मेकॅनिकनं स्वतः फिरवायची. त्यानं आत जागा करून दिली. गाडी लावली आणि मी इकडंतिकडं बघायला लागलो.

"काय पायजे, आबा?"

"दगड दे एखादा. चाकामागं ठेवायला."

"अवो, फरशी सपाट हाय. गाडी कुटं पळून जाती?"

सवय, दुसरं काय. मी हसलो आणि मित्राकडं गेलो.

हा मित्र रेल्वेतून रिटायर झालेला. घाट चढताना गाडीला मागून जोर द्यायला जी इंजिनं लावतात, त्यांच्यावर त्याची नोकरी झाली. पूर्वी तो मासळी घ्यायला पवनानगरला यायचा, माझ्याच जीपमधून, टपावर बसून. तिथली ओळख. त्याच्या घरात शिरलं की समोर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याच्याखाली याची आरामखुर्ची. त्या खुर्चीतून तो जगाला नावं ठेवतो.

"लेका, तुझ्या कानात पानी गेलंय. कापसाचा बोळा घालून बस," तो म्हणाला.

"उद्या सकाळी तुझ्या तोंडात घालतो बोळा."

"पंख्याचा बेल्ट असंल."

"बेल्टाचा आवाज मला कळत न्हाई? चाळीस माणसं जीपमधी कोंबून मी गिअर नुसत्या आवाजावर टाकलेत."

"चाळीस!" तो म्हणाला. "तुझी जीप व्हती का येष्टी?"

शनिवारी सकाळी आम्ही दोघं गॅरेजवर. पाऊस बारीक चालू. मेकॅनिकनं शटर वर केलं, आत बसला, माझ्याकडं बघितलं, चावी फिरवली.

गाडी सुरू झाली. साधी, सरळ, गप.

मी ऐकत राहिलो. मला वाटलं, उशिरानं येईल. आलाच नाही. मेकॅनिक बाहेर आला आणि हात पुसायला लागला. हात स्वच्छच होते. माझा मित्र मागं उभा होता. त्यानं चेष्टा केली नाही तेव्हा मी घाबरलो. खरंच घाबरलो. म्हणजे पोरगं म्हणतंय ते खरं? मी माझ्याच डोक्यातलं ऐकत होतो? आणि मग रात्री मोरीत ती असल्यासारखा भांड्याचा आवाज येतो, तो?

पोराचा फोन आला. "काय झालं?"

"उद्या ये," मी म्हटलं.

तिघंही बाकड्यावर बसलो. चहा आला. समोर रस्त्याला उतार आहे, तिथं एक टुरिस्ट गाडी लावत होता, रात्रभर ठेवायची म्हणत होता. मेकॅनिक बसल्या जागेवरून ओरडला, "ओ साहेब! हँडब्रेक ओढू नका! पावसात चाक धरतं. सकाळी हलणार न्हाई गाडी. गिअरमधी टाका नुसती!"

हे आमच्याकडं सगळ्यांनाच ठाऊक. मावळात पाऊस लागला की हँडब्रेकला कुणी हात लावत नाही. ओलाव्यानं आतलं ब्रेकचं लायनर ड्रमला चिकटून बसतं, मग सकाळी हातोडी घेऊन चाक ठोकत बसा. पाऊस संपेपर्यंत गाडी गिअरमध्येच उभी करायची.

मी सहज म्हटलं, "मी बी तेच करतो."

"काय?" मेकॅनिक म्हणाला.

"गिअरमधी टाकतो. आमच्या दारात चढ हाय ना."

त्याचा ग्लास ओठापर्यंत गेला होता, तिथंच थांबला. "गाडीचं तोंड कुटं असतं?"

"वर."

"पहिला गिअर?"

"पहिलाच."

"आणि दगड लावता ना मागं? मग गाडी दगडावर टेकत असंल."

"न्हाई टेकत. दगड चाकाला घट्ट बसला तर सकाळी वाकून ठोकून काढाया लागतो. माझी कंबर हाय का तशी? मी दगड इतभर मागं ठेवतो. सुटलीच गाडी तर अडंल म्हणून."

मेकॅनिकनं ग्लास खाली ठेवला. "म्हंजी, आबा, रातभर तुमची गाडी लटकती कशावर?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. परत उघडलं. आणि जे ओरडलो ते समोरच्या टुरिस्टानंही ऐकलं. "इंजिनावर!"

"इंजिनावर!" मेकॅनिक उठलाच. "सगळं वजन इंजिनाला रातभर उलटं ढकलतंय! चेन उलट्या अंगाला ओढली जाती. चेन चांगली असंल तर काय होत न्हाई, तिला दाबून धरणारा टेन्शनर सांभाळून घेतो. पन सैल झाली असंल तर सगळा ढिलेपणा एका बाजूला गोळा होतो. सकाळी ऑइल वर चढून टेन्शनर टाइट होईस्तोवर ती आपटती! हितं सपाट फरशीवर रातभर आरामात झोपली बाई, ती कशाला वाजंल?"

मग त्यानं स्वतःच्या कपाळावर हात मारला. "आणि मी पावसाळाभर सगळ्या लोणावळ्याला हेच शिकवतोय, गिअरमधी टाका, गिअरमधी टाका!"

"तुझ्यामुळं तुझाच धंदा वाढतोय," माझा मित्र म्हणाला. "ऱ्हाऊ दे."

मला बसवेना. मी गॅरेजमध्ये फेऱ्या मारायला लागलो. गुडघे दुखत नव्हते. अजून रविवार उजाडायचा होता! एक सकाळ शिल्लक होती! पण चढ कुठून आणायचा? गावाकडं गेलो तर मेकॅनिक येणार नाही.

"माझ्या गल्लीचा चढ काय वाईट हाय?" मित्र म्हणाला. "भाजीवाला हातगाडी खालीच सोडून वर टोपली आनतो."

ठरलं. संध्याकाळी उजेड असतानाच गाडी त्याच्या गल्लीत नेली. तोंड वर, पहिला गिअर, हँडब्रेक मोकळा. दगड मी स्वतः ठेवला, वीतभर मागं. पाय ब्रेकवरून काढला तशी गाडी मागं सरकून गिअरवर टेकली. हजार वेळा बघितलं असेल मी ते, पण कधी मनात आलं नव्हतं.

मेकॅनिक जाताना बोट दाखवून म्हणाला, "उद्या चावी एकदाच. परत परत न्हाई. हे असं मुद्दाम करणं बरं न्हाई. चेन लयच गेली असंल आणि दात सुटला, तर माझं नाव घ्यायचं न्हाई."

रात्र कशी गेली ते विचारू नका. सकाळ झाली एवढं खरं.

पोरगा मोटरसायकलवर आला, रेनकोट निथळत. गल्लीत गाडी बघितली, मला बघितलं, मित्राला बघितलं. "हे काय चाललंय?"

"परीक्षा," माझा मित्र म्हणाला. "तुझ्या बापाची का गाडीची, ते आत्ता कळंल."

मी त्याला चढ, गिअर, चेन सगळं सांगितलं. त्याचा चेहरा काही हलला नाही. कंपनीत मालाची तपासणी करतो तो, दिवसभर माल परत पाठवायचं काम. माझ्याकडंही तसंच बघत होता. म्हणाला, "चावी मी फिरवतो. म्हणजे नंतर वाद नको."

"फिरव."

तोवर गल्ली जागी झाली होती. दूध घेऊन चाललेल्या बायका थांबल्या. माझा मित्र दाराच्या पायरीवर उभा राहून एकेकाला सांगत होता, "थांबा मावशी, थांबा जरा. म्हाताऱ्याचं इंजिन वाजनार हाय." एक मावशी म्हणाली, "न्हाई वाजलं तर?" हा म्हणाला, "मग म्हातारा वाजंल."

मेकॅनिक स्कूटरवरून उतरला. एक लांब स्क्रूड्रायव्हर काढला, त्याचं टोक इंजिनाच्या बाजूला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डोळे मिटले. पोरगा आत बसला. क्लच दाबला, ब्रेक दाबला, गिअर काढला. माझ्या छातीत असं ठोकत होतं की मला वाटलं, हा आवाजच सगळ्यांना ऐकू जाईल आणि गाडीचा दबून जाईल. खराब निघ, बये. एवढं एकदा खराब निघ.

चावी फिरली.

खर्रर्रर्रर्र!

"वाजलं!" मी ओरडलो. "वाजलं! वाजलं!" मी उड्या मारत होतो म्हणे. मला आठवत नाही, मित्र सांगतो. बायका हसत होत्या. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मेकॅनिक स्क्रूड्रायव्हर हवेत हलवत ओरडत होता, "बंद कर! बंद कर! बंद कर!"

पोरानं बंद केली. मग उतरला आणि माझ्यासमोर आला. कंपनीत लागल्यापासून त्याची भाषा बदललीय, सगळं पुण्यासारखं बोलतो. पण तेव्हा म्हणाला, "अण्णा, लयच वाजतंय की वो!"

"व्हय ना?"

"व्हय."

एवढंच. मला तेवढंच पाहिजे होतं.

मेकॅनिक म्हणाला, आता ही गाडी सुरू करायची नाही, ढकलत न्यायची. मग काय विचारता! गल्लीतली पोरं-बाप्ये मागं लागले, उतारावर दोर धरून सावकाश खाली आणली, तिथून ढकलत बाजाराच्या रस्त्यानं गॅरेजपर्यंत. स्टिअरिंगवर मी. पुढं माझा मित्र छत्री उघडून चाललेला, वरातीपुढं चालावं तसा. टुरिस्ट फोटो काढत होते. एकजण विचारत होता, अंकल, क्या हुआ? मी सांगितलं, "खराब हो गई! खराब हो गई!" आणि हसत होतो. त्याला काय कळणार.

गॅरेजमध्ये मेकॅनिकनं इंजिनावरचं झाकण काढलं. आत ऑइलनं काळी झालेली चेन. बोट घालून उचलली तर दोन दातेरी चाकांच्या मधून वर आली, सैल पडलेल्या वाळत घालायच्या दोरीसारखी. तिला सांभाळणारं प्लॅस्टिकचं गाइड घासून घासून त्यात दोन नाल्या पडलेल्या. पोरानं मोबाइलची बॅटरी लावली आणि बराच वेळ वाकून बघत राहिला.

"किती दिवस काढेल अशी?" त्यानं विचारलं.

मेकॅनिकनं ऑइलचं बोट फडक्याला पुसलं. "खरं सांगू का साहेब, काढंल पण. सपाट जागी उभी केली, गिअरमधी न टाकता दगड लावला, सकाळी जरा थांबून गाडी काढली, तर दिवाळीपर्यंत बी काढंल. अशा कितीतरी गाड्या फिरतात रस्त्यावर. न्हाईतर परवाच खिंडीत दात सुटंल. मला सांगता येणार न्हाई. ज्याची गाडी त्यानं ठरवायचं."

पोरगा माझ्याकडं वळला. "मग असं करू का अण्णा? आत्ता पावसात सामान मिळेल, न मिळेल. पाऊस उघडल्यावर बघू."

ते वाक्य त्यानं म्हटलं आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं. मला दिसलं ते. पाऊस उघडल्यावर बघू, असं तीच म्हणाली होती. लावणी उरकू दे, पाऊस उघडू दे, मग दवाखान्यात जाऊ, एवढं काय मरतीय का मी. तिच्यापुढं कुणाचं चाललं नव्हतं. पोराचं नाही, माझं नाही. ती बोलायला लागली की आम्ही दोघं "हां" म्हणणारे. पाऊस उघडला तेव्हा डॉक्टर म्हणाला, आधी का नाही आणलं.

पोरानं मोबाइलची बॅटरी बंद केली आणि बाहेर रस्त्याकडं बघायला लागला.

"आत्ताच बदल," मी मेकॅनिकला म्हटलं. "चेन, टेन्शनर, दोन्ही गाइड, दातेरी चाकं, सगळं. जुनं काय ठेवू नकोस आत. आणि पुण्यात सामान न्हाई मिळालं तर मुंबईहून आण, पण पाऊस उघडायची वाट बघायची न्हाई."

पोरगा पाठमोराच होता. तसाच म्हणाला, "मीच आणतो पुण्याहून. नंबर लिहून द्या."

आणलंही त्यानं. रजा टाकून आणलं.

पुढचे दिवस मी रोज एसटीनं लोणावळ्याला. मेकॅनिक म्हणायचा, आबा, तुम्ही बसला की माझे हात थरथरतात. मी म्हणायचो, थरथरू दे, पण नट सोडू नको. त्यानं इंजिनाचं पुढचं अंग उघडलं, जुनी चेन काढली आणि नवीन चेनीशेजारी एकाच खिळ्याला टांगली. आम्ही दोघं खाली वाकून बघतोय. जुनी अर्ध्या पेरानं जास्त लांब! लोखंड काही ताणलं जात नाही म्हणे, कडीकडीतली पिन थोडी थोडी झिजते आणि सगळ्या मिळून चेन लांब होते. मी मित्राला ओढत आणलं बघायला. त्यानं चष्मा लावला, काढला, परत लावला. म्हणाला, "एवढ्याशासाठी गल्ली उठवली?"

"एवढ्याशासाठी."

"बरं केलंस," तो म्हणाला. त्याच्या तोंडातून आजवर माझ्याबद्दल निघालेला एवढाच चांगला शब्द.

गाडी तयार झाली त्या दिवशी पोरगाही आला. मेकॅनिकनं मला सांगितलं, इथून पुढं चढावर लावायची वेळ आली तर दगड चाकाला टेकवूनच ठेवायचा, आधी गाडी दगडावर बसू द्यायची आणि मग गिअर. कंबर दुखली तर दुखू द्या. मी मान हलवली. चावी फिरवली. इंजिन सुरू झालं, आणि मी उगाच कान देऊन बसलो, सवयीनं. काही नव्हतं. नुसतं पावसाचं टपटप पत्र्यावर.

"मी चालवू का खिंडीतून?" पोरानं विचारलं.

"का?"

"काही नाही. तुम्हीच चालवा."

आम्ही निघालो. सुरुवातीला तो ताठ बसला होता, एक हात दरवाजाच्या वरच्या मुठीला. मी वळण घेतलं की त्याचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा, जिथं ब्रेक नव्हता तिथं. मग त्यानं चेनबद्दल काहीतरी विचारलं, मी सांगितलं. मग त्याच्या कंपनीतलं सांगायला लागला, रात्रपाळीचं, कुठल्यातरी साहेबाचं. वाक्य अर्धवट राहिलं. मी बाजूला बघितलं तर मुठीवरचा हात खाली मांडीवर पडलेला, तोंड उघडं, डोकं काचेला टेकलेलं. झोपला!

खिंडीत धुकं इतकं, की पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसत होता. मी दुसऱ्या गिअरवर, खड्डा आला की चाक अलगद टाकत चाललो, त्याचं डोकं काचेवर आपटू नये म्हणून. आयुष्यात एवढी गाडी चालवली, पण अशी चांगली कधी चालवली नसेल. त्याला जाग आली नाही. खिंड उतरलो, धरणाचं पाणी दिसायला लागलं, तरी जाग नाही.

पवनानगरच्या स्टँडवर जीपवाले उभे होते, माझे जुने सोबती आणि त्यांची पोरं. माझी गाडी दिसली तशी बोंब उठली. "ओ आबा! झाली का दुरुस्त? वाजवा की एकदा!" आणि सगळ्यांनी मिळून हॉर्न लावले.

मी काच खाली केली, तोंड बाहेर काढलं आणि दबक्या आवाजात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"गप ऱ्हावा की रं, भाड्यांनो. पोरगं झोपलंय माझं."